उभा रवा

जगात साखर दोनच प्रकारची असते, असं माझ्या मावशीच्या यजमानांचं ठाम मत आहे. एक त्यांनी स्वतः शिजवलेली आणि दुसरी उरलेली सगळी. पहिल्या प्रकाराबद्दल ते फारसं बोलत नाहीत. दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलायला लागले की मात्र सांगवीहून बारामतीपर्यंतचा रस्ता त्यांना अपुरा पडतो. आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात त्यांनी उभी हयात पॅनवर काढली. पॅन म्हणजे दुमजली घराएवढी बंद कढई. तिच्यात उसाचा रस आटत आटत घट्ट होतो आणि एका नेमक्या क्षणाला त्यात साखरेचा दाणा धरतो. काका त्या दाण्याला रवा म्हणतात. तो क्षण साधला तर साखर, हुकला तर चिखल. तो क्षण ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन; आणि कारखान्यात चेअरमन मोठा की पॅनमन मोठा, असं कुणी गमतीनं विचारलं तर काका गमतीनं उत्तर देत नाहीत. "चेअरमन मतांवर हुतो," ते म्हणतात, "पॅनमन अंगठ्यावर हुतो."

हा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, एवढ्या चिमटीत काकांनी सगळं जग धरून पाहिलेलं आहे. पॅनमधला नमुना काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि मग चिमटीत चोळून बघायचा, ही कामाची पद्धत. पण ती सवय कारखान्याच्या फाटकाशी थांबली नाही. ते गिरणीतून आलेलं पीठ चिमटीत घेतात, शेतातली माती घेतात, दुकानात शर्टाचं कापड घेतात. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागदसुद्धा आधी चोळून बघतात आणि मग वाचायला माझ्याकडे देतात. माझ्या साखरपुड्यात तर त्यांनी कहरच केला. इंदापुरात मुलीच्या घरी बैठक बसली होती, भटजी मंत्र म्हणत होते आणि साखरेचा पुडा मुलीच्या हातात देणार, तेवढ्यात काकांनी हात पुढं करून तो मधेच घेतला. पुड्याचा कोपरा उलगडला, चिमूटभर साखर काढली, खिडकीकडे जाऊन उजेडाला धरली आणि म्हणाले, "ह्यात भुकटी हाय."

मुलीचे मामा उठून उभे राहिले. "म्हंजे नक्की काय म्हणायचंय पाव्हणं तुमाला?"

"पॅनवाल्यानं घाई केलीया," काका शांतपणे म्हणाले. "पोरगी चांगली हाय. साखर बदला."

मोटरसायकलवरून माणूस बाजारपेठेत गेला. दुसऱ्या दुकानातली साखरही नापास झाली. तिसरी आली तेव्हा मुहूर्त केव्हाच टळून गेला होता आणि भटजी पोहे खात होते. माझी बायको अजूनही सांगते की तिची पसंती तिसऱ्या नमुन्याला झाली.

काकांची आणखी एक खोड होती आणि ती माझ्या मते जास्त गंभीर. नमुना बघताना ते सगळ्यांकडे पाठ करायचे. पॅनवर हाताखाली कितीतरी माणसं आली, वर्षं वर्षं राहिली आणि काकांची पाठ तेवढी पाठ करून गेली. काच काढली की काका वळले, काय बघितलं, काय चोळलं ते कुणाला दिसायचं नाही, आणि परत फिरले ते थेट हुकूम देतच, वाफ कमी करा, पाणी द्या, पॅन सोडा. घरीही तेच. दिवाळीला लाडवांचा पाक बिघडू नये म्हणून गल्लीतल्या बायका त्यांना बोलावून न्यायच्या. काका चुलीशी जायचे, बायकांकडे पाठ करून पाक चिमटीत धरायचे आणि "उतरवा" म्हणायचे. चाळीस वर्षं संसार करून माझ्या मावशीला एकतारी पाक कसा ओळखायचा ते माहीत नाही. गावाचे ते तात्या; कुणी म्हणालं, तात्या, जरा शिकवा की, तर उत्तर ठरलेलं. "हात शिकवता येत न्हाय." शेवटी कारखान्यानं पॅनवर संगणकाचा पडदा आणि आकडे दाखवणारं यंत्र बसवलं, काका निवृत्त झाले, आणि तरी दर हंगामात बॉयलर पेटला की बिनपगारी पॅनघरात जाऊन त्या पडद्याकडेही पाठ करून उभे राहू लागले.

अशा माणसाला शिकवायचं काम सांगावं, ही कल्पना कुणाची ते मला अजून कळलेलं नाही. आपल्या सरकारनं इथिओपियाला साखर कारखाना उभारायला कर्जाऊ मदत दिली होती. यंत्रं आपल्याकडची, उभारणारे इंजिनिअर आपल्याकडचे. कारखाना उभा राहिला, ऊसही उभा राहिला, पण चाचणीत साखर होईना. दोनदा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा पॅनमधून तपकिरी चिखल निघाला. यंत्रात दोष नव्हता. ती चालवणारा सरावाचा हात तिथं कुणाकडे नव्हता. म्हणून तिथली चार माणसं एक हंगाम आमच्याकडे शिकायला पाठवायचं ठरलं. तिघं ऊस गाळायच्या गिरणीवर आणि बॉयलरवर जाणार होते. चौथ्याला पॅन शिकायचा होता. कारखान्याच्या कार्यकारी संचालकांनी काकांना बोलावून घेतलं आणि काकांनी, बहुधा नकार द्यायची युक्ती म्हणून, इंग्रजीची अडचण सांगितली. साहेब म्हणाले, दुभाष्या देतो. काका म्हणाले, परका माणूस पॅनघरात नको. मग साहेब म्हणाले, घरचा कुणी आहे का? अशा रीतीनं इंदापुरातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा मी, दिवाळीची सुट्टी आणि नंतरचे सगळे शनिवार-रविवार, सांगवीत मुक्कामाला आलो.

चौथा माणूस बाई निघाली. तिचं नाव अल्माझ. वय तिशीच्या आतबाहेर, उंच, बारीक वेण्या घट्ट मागे बांधलेल्या आणि बोलणं कमी. रसायनशास्त्र शिकलेली होती. या चौघांना बारामतीत एका हार्डवेअरवाल्या चाचांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं दिला होता. चाचांनी तिचं नाव ऐकलं आणि खूश झाले. "अलमास म्हंजे हिरा," ते आम्हाला म्हणाले. "माझ्या आत्याचं नाव हेच. एवढ्या लांबनं आली अन् नाव आमच्या घरातलंच घिऊन आली." त्यानंतर तिचा बाजारहाट चाचांच्या घरूनच होऊ लागला.

मावशीचं आणि तिचं जमायला मात्र एक अडचण आली. अल्माझचा दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास असे. मावशीला आनंद झाला, तिनं साबुदाणा भिजवला. पण ती ख्रिस्ती, तिच्या पंथातला उपास वेगळा. दूध, तूप, मांस, अंडी चालत नाहीत. भाकरी, भात, डाळ, भाजी सगळं चालतं. मावशीनं तुपातली खिचडी पुढं ठेवली, ती तिनं हात जोडून नाकारली आणि शेजारी काकांसाठी वाढलेली भाकरी आणि हरभऱ्याची आमटी मागून घेतली. मावशी पाहत राहिली.

"भाकरी खाऊन कसला उपास?" तिनं मला विचारलं.

मी अल्माझला विचारलं. तिनं उलट विचारलं, "तूप खाऊन कसला?"

मी हे भाषांतर केलं नाही. पण मावशीला चेहऱ्यावरून कळलं असावं, कारण ती हसली आणि दर शुक्रवारी तेलातली आमटी करायला लागली.

गावात सगळ्यांनाच हा प्रकार आवडला होता असं नाही. चहाच्या टपरीवर एक निवृत्त ग्रामसेवक रोज येतात. त्यांना सगळ्या गोष्टींबद्दल तक्रार आहे आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतात. ते म्हणाले, "आपल्याकडं रस्त्याला खड्डं, अन् सरकार तिकडं आफ्रिकेत कारखानं काढतंय. हे कुठलं शानपण, तात्या?"

काकांनी बशीतला चहा संपवला. "सरकारचं सरकारला इचारा," ते म्हणाले. "माझ्याकडं एक बाई आलीया अन् तिला काय येत न्हाय, एवढंच मला ठावं हाय."

पहिले दोन आठवडे तिला काही येण्याची शक्यताही दिसेना. पॅनघर म्हणजे उंचावरचा लोखंडी माळा. खाली वाफेचा आवाज, हवेत गोड उष्ण वास. काका काच काढायचे आणि वळायचे. अल्माझ शांतपणे फिरून त्यांच्या समोर जायची. काका पुन्हा वळायचे. ती पुन्हा समोर. असे ते दोघं त्या प्रचंड कढईभोवती सूर्य-चंद्रासारखे फिरत आणि मी मागून वही घेऊन. ऑपरेटर लोक यंत्राचे आकडे सोडून हेच बघत उभे राहायचे. काकांचं इंग्रजी चार शब्दांचं, ग्रेन, स्टीम, व्हॅक्यूम आणि बास. ते चारही शब्द त्यांनी दोन आठवड्यांत वापरून संपवले.

एका शनिवारी सकाळच्या पाळीत ती थांबली. फिरली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना विचारा, ते पाठ का फिरवतात?"

मी काकांना म्हणालो, "बाईंना नमुना नीट दिसत नाही म्हणतात."

"एवढंच नाही म्हणाले मी," ती म्हणाली. तिला मराठी येत नव्हतं, पण वाक्याची लांबी कळत होती. मग ती सावकाश बोलली आणि या वेळी मी एकेक वाक्य जसंच्या तसं मराठीत आणलं. तिचे वडील गुरं राखणारे. जिथं आता कारखान्याचा ऊस उभा आहे ते त्यांचं चराईचं रान होतं. गावातल्या बाकीच्यांनी विरोध केला तेव्हा वडील सभेत उठून म्हणाले होते की माझी मुलगी शिकलेली आहे, ती या कारखान्यात साखर करील, रान जाऊ द्या. त्यांच्यामागून पुष्कळजण तयार झाले. दोनदा चिखल निघाल्यावर ते सगळे आता वडिलांशी बोलत नाहीत. बाजारात ती गेली की बायका वाट देतात, पण विचारत काही नाहीत.

"आमच्याकडे सगळे येतात," ती म्हणाली. "एक देश रस्ता करून देतो, एक रेल्वे, एक कारखाना. चांगली माणसं असतात. पण सगळी आमच्याकडे पाठ करून काम करतात आणि शेवटी किल्ली हातात देऊन निघून जातात. किल्ली माझ्याकडे आहे. मी किल्ली मागायला आलेले नाही."

काकांनी सगळं ऐकलं. काच पुसली, खिशात ठेवली आणि जिना उतरून निघून गेले. पाळी संपायला चार तास होते. इतक्या वर्षांत काका पाळी सोडून गेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, संपलं. कार्यकारी संचालकांना काय सांगायचं याची इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही वाक्यं मी मनात तयार करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन आला. "त्या पोरीला घिऊन ये. ह्यांनी चुलीवर कढई मांडलीया. मला सैपाक करू द्यायला तयार न्हाईत."

आम्ही गेलो तेव्हा काका अंगणात पाटावर बसले होते. समोर तीन दगडांच्या चुलीवर लाडवांची मोठी कढई, तीत साखरेचा पाक रटरटत होता. त्यांनी समोरचा पाट दाखवला. अल्माझ बसली. चाळीस वर्षांत मावशीनं जे पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी तिनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. काकांनी उलथन्यानं पाकाचा थेंब काचेवर घेतला आणि हात पुढं करून काच अल्माझच्या तोंडासमोर धरली.

"मास्तर, हिला सांग," ते मला म्हणाले. "मी नवा होतो तवा उत्तरंकडचा एक उस्ताद होता पॅनवर. त्यानं सात हंगाम मला पाठ दावली. त्याचं कोपार कसं हलतंय ते बघून बघून मी शिकलो. त्याला वाटायचं, ह्याला आलं तर माझी भाकरी जाईल. मग मला आलं, अन् मलाबी तसंच वाटाय लागलं."

मी सांगितलं. तिनं काच हातात घेतली.

"आता दुसरं. हे कारखान्यात सांगायचं न्हाय." त्यांनी आपला उजवा अंगठा वर धरला. "दोन वर्सं झाली, ह्याला काय कळत न्हाय. गरम न्हाय, गार न्हाय. डॉक्टर म्हणतो शुगर हाय. आख्खा जलम साखर शिजवली, तिनंच खाल्ला."

मावशी दारातून बाहेर आली. तिलाही हे माहीत नव्हतं. ती खाली बसली आणि तिनं त्यांचा तो हात आपल्या हातात घेतला, सगळ्यांसमोर, जे आमच्याकडच्या बायका सहसा करत नाहीत. काका अवघडले. "आगं पाक लागंल," ते म्हणाले.

मग शिकवणी सुरू झाली. ती उलटी होती. पाक चिमटीत अल्माझ घ्यायची आणि काय लागतंय ते सांगायची. काका डोळे मिटून ऐकायचे आणि त्याचा अर्थ सांगायचे: टणक दाणा बोटाला चावला की रवा उभा, पिठासारखं लागलं की भुकटी. पहिल्याच अर्ध्या तासात माझं इंग्रजी संपलं. रवा उभा आहे, रवा बसका आहे, दाणा बोटाला चावतो, दाणा निसटतो, पाकाला अंग आलं, भुकटी उठली, याला शब्दच सापडेनात. मी विद्यापीठाची पदवी घेतलेला माणूस, "चावतो"पाशी अडकलो. शेवटी अल्माझनंच हात करून मला थांबवलं आणि काकांचे शब्द तसेच्या तसे घ्यायला सुरुवात केली. ती ते आपल्या लिपीत लिहायची. ती अक्षरं बघून मावशी म्हणाली, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी हायती.

पुढचे तीन महिने मला फारसं काम उरलं नाही. दर शनिवारी मी पॅनघरात जायचो आणि कठड्याला टेकून ते दोघं काय बोलतात ते ऐकायचो. "चावतोय का?" "न्हाय चावत." "मग थांब." अल्माझ सांगवीची मराठी बोलायला लागली, तेवढीच, पॅनपुरती. बाजारात भेंडी मागताना तिला हातवारे करावे लागायचे, पण साखरेच्या दाण्याबद्दल ती आमच्या कॉलेजातल्या मराठीच्या प्राध्यापकांपेक्षा बारीक बोलायची. हंगाम संपत आला तेव्हा तिनं एक पॅन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीनं चढवला. काका खाली जिन्याशी खुर्ची टाकून बसले, वर आलेच नाहीत. साखर खाली उतरली तेव्हा त्यांनी पोत्यातून चिमूटभर घेतली, आपल्या नाही, माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "भुकटी हाय का?" मला काय कळणार. मी म्हणालो, नाही वाटत. ते म्हणाले, "न्हाईच."

जायच्या आदल्या दिवशी तिनं अंगणात हिरवी कॉफी तव्यावर भाजली, कुटली, उकळली आणि तीन वेळा वाढली. त्यांच्याकडे तीनदा घेतल्याशिवाय पाहुणा उठत नाही. मावशीनं तिसऱ्या कपात गूळ घातला. चाचा बारामतीहून तिच्या बॅगेसाठी पितळी कुलूप घेऊन आले होते.

ती गेली आणि काका बिघडले. तिकडची चाचणी उन्हाळ्यात होणार होती, ती पुढं गेली. मग पाइपांच्या कुठल्याशा जोडणीमुळे आणखी पुढं गेली. काका कुणालाही काही विचारत नसत. पण भाकरी नरम झाली म्हणून रुसायचे, टपरीवर चहा न पिता परत यायचे, आणि मला फोन करून म्हणायचे, "सहज केलाय." ग्रामसेवकांनी एकदा विचारलं, झाला का तुमचा आफ्रिकेचा कारखाना चालू? काका तसेच उठून आले आणि ग्रामसेवकांनाच वाईट वाटलं असं मी ऐकलं. मावशी मला म्हणाली, "पोरगी पहिल्या बाळंतपणाला सासरी ऱ्हायल्यागत करत्यात."

अखेर अल्माझचा निरोप आला. येत्या रविवारी पॅन चढवणार, तात्यांना तीन वाजता फोन करते. मी काकांना कळवलं. रविवारी सकाळी मी सांगवीत हजर. काकांनी ठरवलं होतं, बाराला जेवायचं, जरा पडायचं, अडीचला कपडे करून बसायचं. साडेअकराला ते अंगणात आरसा टांगून दाढी करत होते, अर्ध्या गालावरचा साबण काढून झाला होता, आणि माझा फोन वाजला. पडद्यावर अल्माझ.

त्यांच्याकडे घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. दिवस उगवून तीन तास झाले की तीन वाजले; त्यांचे तीन म्हणजे आपले साडेअकरा. हे तिनं मला इथं असताना चांगलं दोनदा समजावलं होतं आणि मी, इंग्रजीचा मास्तर, साफ विसरलो होतो.

तिच्या मागं पॅनचा आवाज होता आणि पाच-सहा माणसं एकदम बोलत होती. ती सरळ मराठीत सुरू झाली. "तात्या, भुकटी उठली. सगळे म्हणतात पॅन सोडा, ओतून टाका."

काका तसेच, एका गालावर साबण, माझ्या हातातल्या फोनसमोर आले. तिनं काच कॅमेऱ्यापुढं धरली. आम्हाला पिवळा धूर असल्यासारखं दिसलं, मग काहीच दिसलं नाही, मग तिचा कान दिसला.

"फोन ठेव बाजूला," काका म्हणाले. "बोटात घे. डोळं मीट. काय लागतंय?"

तिनं फोन बाजूला ठेवला. मग ती म्हणाली, "वर भुकटी हाय. पिठागत. पण खाली चावतोय, तात्या. रवा उभा हाय."

"नक्की?"

"उभा हाय."

तिच्या शेजारचा कुणी इंजिनिअर इंग्रजीत सांगत होता की आता काही होणार नाही, सोडून द्या. काकांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बहुधा कळलंच नाही. "उभा हाय तर सोडायचा न्हाय," ते म्हणाले. "पाणी पाज त्याला. थोडं थोडं. व्हॅक्यूम जरा ढिला कर, गरम हुंदे. भुकटी इरघळंल, रवा ऱ्हाईल. घाई करू नगं, पोरी. तुझ्या बोटाला इचार. मला इचारू नगं."

ती "व्हय" म्हणाली आणि फोन तुटला.

आम्ही परत लावला, लागला नाही. मी छपरावर जाऊन लावला, लागला नाही. काका पाटावर बसले. साबण गालावर वाळून पांढरा झाला. मावशीनं पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. मी उगाच म्हणालो, काका, दाढी तरी पुरी करून घ्या. ते म्हणाले, "वस्तरा धरवत न्हाय." एवढं सरळ उत्तर त्यांनी मला आयुष्यात दिलं नव्हतं. शेजारून जाणारा माणूस थांबला, काय झालं म्हणाला, मावशीनं खुणेनं त्याला पुढं पाठवलं. आमच्या भाजीचं तेल वर आलं, भाकऱ्या गार झाल्या. दीड वाजून गेला.

मग फोन आला आणि या वेळी चित्र स्वच्छ होतं. अल्माझचा चेहरा घामानं भिजलेला. तिनं फोन खाली नेला. पत्र्याच्या पन्हळीतून काहीतरी पांढरं वाहत येत होतं, त्याला अंत नव्हता. एक म्हातारा, खांद्यावर शाल, हातात काठी, वाकून त्यात हात घालत होता आणि मूठ भरून बाहेर काढत होता आणि पुन्हा सोडत होता. "माझे वडील," ती इंग्रजीत म्हणाली. मग काकांसाठी मराठीत म्हणाली, "माझा बा."

काकांनी पडद्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. म्हाताऱ्यानं फोनकडे बघून काहीतरी सांगितलं. अल्माझनं ते मला सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना हात केला.

"बास," काका म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांच्या तोंडातून एवढा मोठा श्वास बाहेर पडला की मावशी दचकली. मग त्यांनी मला वस्तरा दिला आणि गाल पुढं केला. मी त्यांची उरलेली दाढी केली. ती वाईट झाली, त्यांनी काही म्हटलं नाही. जेवताना तीन भाकऱ्या खाल्ल्या, झोपले आणि चार तास उठले नाहीत. मावशी मधून मधून जाऊन बघून येत होती. "घोरत्यात," ती मला येऊन सांगायची, आणि आम्ही दोघं हसायचो. संध्याकाळी टपरीवर ग्रामसेवकांनी विचारलं, "झाली का आपली साखर?" त्यांनी "आपली" म्हटलेलं बाकीच्यांच्या लक्षात आलं, त्यांच्या स्वतःच्या नाही.

याला आता वर्ष होऊन गेलं. अल्माझचा फोन पूर्वी आठवड्याला यायचा, आता महिना-दीड महिना येत नाही. तिच्या हाताखाली नऊजण शिकतात. ती त्यांना कुठल्या भाषेत शिकवते ते मी विचारलं तर म्हणाली, आमच्याच, पण चार-पाच शब्द तुमचे आहेत, त्यांना दुसरं नाव सापडत नाही. मी हे काकांना सांगितलं. ते नुसते हं म्हणाले. फोन येत नाही याबद्दल मावशी कुरकुरते, काका करत नाहीत. "येत न्हाय म्हंजे काम हाय," ते म्हणतात. पॅनघरात ते आता फारसे जात नाहीत, जिना चढवत नाही.

गेल्या महिन्यात मी सांगवीला गेलो होतो. ऊन उतरल्यावर आम्ही दोघं नीरेच्या काठानं चालत होतो. पाणी थोडं होतं, संथ होतं. काका मधेच थांबले.

"तिच्या गावालाबी नदी हाय म्हणाली होती," ते म्हणाले. "ती कुठं जाती, मास्तर?"

"समुद्रापर्यंत जात नाही, असं अल्माझ सांगत होती. वाळवंटात शिरते आणि तिथंच जिरून जाते."

काका त्या पाण्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "आन् मग तेवढ्या लांब ती जाती तरी कशाला?"

मग तेच म्हणाले, "वाटंवर ऊस असंल." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, सावकाश, घराकडे वळले.